घोडं अडलंय कुठे?

चेसापीक उपसागराच्या काठी, मेरीलँड राज्यात, अ‍ॅनापोलिस नावाचं शिडाच्या होड्यांचं गाव आहे. तिथल्या स्पा क्रीक या खाडीत मुरिंगला बांधलेल्या बोटींपैकी कुठल्याही बोटीच्या मालकाला विचारा, "डिंगीला मोटर कुठली घ्यावी हो?" तो आधी स्वतःच्या मोटरीकडे बघेल, मग डोकं खाजवेल आणि म्हणेल, "त्यांनाच विचारा." आणि बोट दाखवेल ते खाडीतल्या अशा एकमेव गृहस्थांकडे, ज्यांच्या डिंगीला मोटर नाही.

त्यांना आम्ही नाखवा म्हणतो. जन्म पुण्याच्या नारायण पेठेत, शिक्षण सीओईपीत, म्हणजे तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी मेरीलँडमध्ये पुलांची तपासणी करण्याची. निवृत्तीनंतर पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी १९८४ साली बांधलेली तेहतीस फुटी स्लूप विकत घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'निवांत'. माशाचा तुकडा न चाखलेला माणूस भरती-ओहोटीवर व्याख्यानं देतो, हे इथल्या मराठी मंडळातल्या एका मालवणी बाईंना सोसेना. भर कोजागिरीत त्यांनी "काय नाखवा!" म्हणून हाक मारली. टोमणाच होता तो, पण आमच्या गृहस्थांनी पदवी मिळाल्यासारखी मान झुकवली.

'निवांत' खाडीच्या मधोमध बांधलेली. तिच्यावर जायचं तर हवा भरलेली रबरी डिंगी हवी. अ‍ॅनापोलिसची सोय अशी की पाण्यापाशी संपणाऱ्या कितीतरी गल्ल्यांच्या टोकाला डिंगी बांधायला धक्के ठेवलेत. नाखव्यांची बोट आणि जवळचा धक्का यांतलं अंतर मंडईपासून शनिपारापर्यंत भरेल एवढंच. पण तेवढ्या पाण्यासाठी योग्य मोटर कोणती, याचा तपास 'निवांत' घेतली त्या आठवड्यात सुरू झाला तो आजतागायत चालू आहे.

तपासाचं सगळं दफ्तर संगणकावरच्या एका तक्त्यात आहे. आडव्या ओळींत मोटरी, उभ्या रकान्यांत गुणदोष. हॉर्सपॉवर, वजन, टाकीत किती लिटर मावतं, दांडा पंधरा इंची की वीस इंची, पाण्यानं थंड होते की वाऱ्यानं, रिव्हर्स गिअर आहे की मोटरच उलटी फिरवायची, आवाज किती, सुटे भाग कुठे मिळतात. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात सगळ्या मोटरींपुढे एकच मजकूर आहे: 'विचार चालू'.

पहिला प्रश्न, घोडे किती? यावर नाखवा जे सांगतात ते खरोखर ऐकण्यासारखं असतं. छोट्या होडीचं दुखणं असं की ती चालताना स्वतःच्या लांबीएवढी लाट उठवते आणि त्याच लाटेच्या खळग्यात अडकून बसते. नऊ फुटी डिंगीसाठी ही हद्द साडेतीन-चार नॉटची. तिथवर पोचायला अडीच हॉर्सपॉवर पुरते. त्यापुढे पळायचं तर लाटेच्या डोक्यावर चढून पाण्याच्या पाठीवरून घसरत जावं लागतं. दोन माणसं घेऊन असं चढायला आठ-दहा हॉर्सपॉवर हवी आणि डिंगीचा तळही टणक हवा. मधली पाचची मोटर दोन माणसं घेऊन फक्त मोठी लाट उठवते आणि जास्त पेट्रोल पिते.

"म्हणजे एक तर अडीच, नाही तर दहा," नाखवा टेबलावर तळहात आपटून निकाल देतात. "मधलं सगळं व्यर्थ!"

हे निर्विवाद सिद्ध केल्यावर पुढचे काही आठवडे त्यांनी पाचच्या मोटरीचा अभ्यास केला.

पंधराचाही केला. तेव्हा त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना डिंगीच्या मागच्या फळीवरची पट्टी दाखवली. बहुतेक डिंग्यांवर निर्मात्यानं लावलेली असते तशीच ही: जास्तीत जास्त सहा हॉर्सपॉवर.

"डिंगी बदलता येते," नाखवा म्हणाले.

मग त्यांनी हिशेब मांडला. पंधराची मोटर घ्यायची तर फायबरच्या तळाची डिंगी हवी. ती जड, म्हणून पाण्यातून उचलायला बोटीच्या मागे लोखंडी हात हवेत. त्या हातांचं ओझं तेहतीस फुटी बोटीच्या शेपटीला झेपणार नाही, म्हणून चाळीस फुटी बोट हवी. चाळीस फुटी बोटीची कील खोल, आणि चेसापीकची सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर, खाड्या तर त्याहून उथळ. म्हणजे बोट दुसरीकडे ठेवायला हवी. म्हणजे घरही तिकडेच. कागदाच्या तळाशी येईपर्यंत पंधरा घोड्यांपायी अ‍ॅनापोलिसचं घर विकायला निघालं होतं. एवढं करून खाडीतली वेगमर्यादा सहा नॉटचीच!

घोडे तात्पुरते बाजूला ठेवले की दुसरा अध्याय सुरू होतो: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. या विषयावर नाखवा हळवे होतात. "पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक छत्तीस किलोचं. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक चाळीसच्या पुढे. ही प्रगती?" अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे नियम १९९८पासून टप्प्याटप्प्यानं आवळत गेले आणि कार्बोरेटरची नवी टू-स्ट्रोक मोटर इथल्या दुकानांतून दिसेनाशी झाली. कारण योग्यच होतं. ती मोटर पेट्रोल जाळते त्याबरोबर बरंचसं न जाळता पाण्यात सोडते. नाखव्यांना हे पटतं. ते स्वतः खाडी साफ करायच्या मोहिमेला जाऊन दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या वेचतात. पण कॅरिबियन बेटांवर अजून नवं टू-स्ट्रोक मिळतं, हे कळल्यापासून त्यांच्या बोलण्यात बेटांच्या सफरीचा बेत येऊ लागला. सफर मोटर आणण्यासाठी. जाणार 'निवांत'मधून, म्हणजे बेटांवर नांगर टाकल्यावर किनाऱ्यावर जायला डिंगी लागणार, आणि डिंगीला मोटर.

"ती कुठली न्यायची, ते एकदा ठरलं की निघालोच!"

विजेच्या मोटरीवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. जर्मनीत श्टार्नबर्ग तळ्याच्या काठी २००५मध्ये टोर्कीडो कंपनी कशी निघाली आणि २०२४मध्ये यामाहानं ती कशी विकत घेतली, हे ते घरच्यांच्या कौतुकानं सांगतात. पेट्रोल नाही, वास नाही, दोरी ओढायला नको, बॅटरी वेगळी निघते म्हणून उचलायला सोपी. आणि आहे त्या बॅटरीवर अजून किती अंतर जाता येईल, ते उपग्रहाच्या मदतीनं आकड्यात दिसतं.

"मग घ्या की," मी एकदा म्हटलं.

"तिथेच तर मेख आहे! आकडा दिसला की माणूस पाण्याकडे बघत नाही, आकड्याकडे बघत बसतो." थोडं थांबून म्हणाले, "शिवाय बॅटऱ्या दरसाल सुधारताहेत. आज घेणारा फसला. एका कंपनीची बॅटरी पाण्यात पडली तर तरंगते, माहितेय? मला तरंगणारी अख्खी मोटर हवीय."

छाप कुठली, या प्रश्नाला तर ते उत्तरच देत नाहीत. गूढ हसतात. अमेरिकन मर्क्युरीच्या कितीतरी लहान मोटरी जपानच्या तोहात्सूकडे बनतात, ही गोष्ट ते आवाज खाली आणून, खाडीत दुसरं कुणी ऐकत नाही ना असं बघून सांगतात. खाडीतल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे, कारण प्रत्येकाला ती अशीच कानात सांगितलेली आहे.

बोटीवर पाहुणे आले की ओले एव्हिनरूडची कथा होते. नॉर्वेत जन्मलेला हा मिस्त्री विस्कॉन्सिनच्या एका तळ्याकाठी मित्रमंडळींसह सहलीला गेलेला. भर उन्हाळा. वाग्दत्त वधू बेस म्हणाली, आइस्क्रीम खावंसं वाटतंय. हा पठ्ठ्या होडी वल्हवत पलीकडच्या काठाला गेला, वल्हवत परतला, तोवर आइस्क्रीमचं दूध झालेलं. त्या तिडिकेतून त्यानं होडीला मागून अडकवायची मोटर बनवली आणि १९०९मध्ये बाजारात आणली. दीड हॉर्सपॉवरची, वजन अठ्ठावीस किलो. या आकड्यापाशी नाखवा थांबतात आणि म्हणतात, "आणि आज अडीच हॉर्सपॉवर साडेतेरा किलोत!"

"त्या बेसचं पुढे काय झालं, तेही सांगा," स्टोव्हपाशी उभ्या वहिनी म्हणतात.

नाखवा तो भाग गाळतात. धंद्याचा कारभार बेसनं हातात घेतला आणि जाहिरातीही तिनंच लिहिल्या, म्हणून मोटर घरोघर पोचली. एव्हिनरूड महाशय यंत्रात डोकं घालून बसले असते तर मोटर सुधारत राहिली असती, खपली नसती. हे वहिनी दोन वाक्यांत सांगून चहा ओततात.

आता कुणी म्हणेल, हा माणूस नुसता बोलघेवडा. तसं मुळीच नाही. दुसऱ्याची मोटर नाखवा पाच मिनिटांत ठरवतात आणि ती कधी चुकत नाही. परवा एक नवं जोडपं आलं. नवरा वीसची मोटर घ्यायला निघालेला. नाखव्यांनी त्याला धक्क्यावरच बसवलं.

"माणसं किती?"

"दोन. आणि कुत्रा."

"कुत्रा केवढा?"

"चाळीस किलो."

"म्हणजे माणसं अडीच. डिंगीचा तळ?"

"हवेचा."

"रोज किती लांब जाणार?"

"दुकानापर्यंत."

"रात्री मोटर डिंगीवर राहणार की उचलून बोटीवर घेणार?"

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं. रात्री पाण्यात सोडलेली डिंगी मोटरीसकट चोरीला जाते, म्हणून जाणती माणसं मोटर उचलून बोटीच्या मागच्या कठड्याला टांगतात, हे त्यांना नाखव्यांकडूनच कळलं. साडेतीन हॉर्सपॉवर, पंधरा इंची दांडा, सोबत साखळी आणि कुलूप, असा निकाल लागला. दुपारी ते दोघं मोटर घेऊन आले आणि संध्याकाळी कुत्र्यासकट खाडीभर हिंडत होते.

मग स्वतःच्या बाबतीतच घोडं अडतं कुठे? मी यावर बराच विचार केला आहे. घेतलेली मोटर ही अखेर एक मोटर असते. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, महिनाभर टाकीत पडून राहिलं की कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं, आणि माणूस रविवारी सकाळी दोरी ओढून ओढून लाल होतो. न घेतलेली मोटर कधी बंद पडत नाही. तिला खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्यानं धुवावं लागत नाही, तिच्या पंख्यात खेकड्यांच्या पिंजऱ्याची दोरी अडकत नाही. आज बाजारात जितक्या मोटरी आहेत तितक्या सगळ्या नाखव्यांच्या आहेत. एक घेतली की बाकीच्या गेल्या.

शिवाय त्यांना वल्हवायला येतं. साधंसुधं नाही. सीओईपीचा मुळेकाठचा बोट क्लब आणि १९२८पासून चालत आलेली तिथली रेगाटा यांत घडलेली ती पाठ आहे. रबरी डिंगी वल्हवणं म्हणजे शिक्षा. बुटकी, गुबगुबीत, वारा आला की भलतीकडे तोंड करणारी. तिलाही नाखवा रेघ मारल्यासारखी सरळ नेतात. आणि नेताना आजूबाजूच्या मोटरवाल्यांची तब्येत तपासतात. कुणी दोरीला झटके देत असेल तर वल्ही न थांबवता ओरडतात, "टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा!" दुसऱ्याला, "पेट्रोलचा कॉक बंद आहे!" तिसऱ्याला, "चोक ढकला आता, किती पाजता तिला!" त्यांची डिंगी चार हात पुढे जाते तोवर मागे मोटर सुरू झालेली असते. मोटरवाला हात हलवतो, नाखवा नुसती टोपी हलवतात. मोटर घेतली तर हे सुख कुठलं?

दर ऑक्टोबरात अ‍ॅनापोलिसच्या धक्क्यावर शिडाच्या बोटींचं प्रदर्शन भरतं, १९७०पासून. मोटरींच्या मांडवांत नाखव्यांची ओळख जुनी. विक्रेते खुर्ची देतात, कॉफी देतात. नाखवा प्रत्येक मोटर तिरकी करून बघतात, दोरी अर्धी ओढून सोडतात, पंख्यावरून बोट फिरवतात, तिच्या घराण्याची चौकशी करतात आणि उठताना म्हणतात, "घरी विचारून कळवतो."

घरी मात्र कुणी कधी विचारलेलं नव्हतं. ते झालं ऑगस्टमध्ये.

मंडळातली दहा-बारा माणसं 'निवांत' बघायला आली होती. बटाटेवडे झाले, एव्हिनरूड झाला. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळंठिक्कर झालं. चेसापीकवर उन्हाळ्यात अशी वादळं दुपार कलता कलता येतात आणि बोलायला वेळ देत नाहीत. विजा चमकताना उंच डोलकाठीखाली एवढी माणसं ठेवणं बरं नव्हे. नाखव्यांनी डिंगीत तिघांना घेऊन वल्हवायला सुरुवात केली. पण एवढ्या फेऱ्या व्हायच्या कधी? शेजारच्या बोटींवरून हे दिसत होतं. बघता बघता तीन डिंग्या फटफटत आल्या, उरलेल्यांना घेऊन गेल्या. मालवणी बाई, तीन पोरं, एक मधुमेही आजोबा आणि वड्यांचा डबा, सगळं पहिल्या थेंबाच्या आत काठावर.

नाखवा बोटीची दारं-खिडक्या लावून सगळ्यांत शेवटी, भर पावसात, एकटे वल्हवत आले. नखशिखांत भिजलेले. वहिनी छत्री घेऊन उभ्या. मला वाटलं, आता काही खरं नाही.

नाखव्यांचा चेहरा उजळलेला होता. "बघितलंस?" ते वहिनींना म्हणाले. "तिन्ही मोटरी पहिल्या झटक्यात सुरू झाल्या! तिन्ही मी निवडलेल्या."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बाल्टिमोरच्या इस्पितळात उभी हयात नर्स होत्या. घाईच्या वेळी बोलायचं नसतं, हे त्या तिथेच शिकल्या. चार दिवसांनी, नाखवा तक्ता उघडून बसले असताना, त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, हे वजनाचं लिहिलंय, ते उचलणार कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे रात्री मोटर डिंगीतून बोटीवर घ्यायची. तुम्ही हलत्या डिंगीत उभे राहून खालून देणार, मी कठड्यावरून वाकून वरून घेणार. मधे पाणी. सदतीस किलोची दिलीत तर मोटर तरी जाईल, नाही तर मी."

"कप्पी लावू. दोरीनं वर ओढू."

"ती लावायला आणखी एक तक्ता. माणूस असो की मोटर, उचलायच्या आधी ठेवायचं कुठे आणि धरायचं कुणी ते बघायचं. ज्याच्यात कमी जोर त्याला झेपेल तेवढंच घ्यायचं."

नाखव्यांनी तक्त्याकडे पाहिलं. इतके रकाने होते, हाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला घेऊन दुकानात गेल्या. विक्रेता हॉर्सपॉवर सांगू लागला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. "सगळ्या लहान मोटरी खाली ठेवा." मग एकेक उचलायची, दारापर्यंत चालत जायचं, परत येऊन हळूच ठेवायची. जी ठेवताना तोंडातून "आई गं" निघालं ती बाद. अडीच हॉर्सपॉवरची सुझुकी, साडेतेरा किलोच्या आसपासची, त्या दारापर्यंत नेऊन परतल्या आणि खाली न ठेवता पैसे द्यायला गेल्या. सगळा कारभार उरकायला अर्धा तास लागला, त्यातही बराच वेळ विक्रेत्यानं नाखव्यांची खुशाली विचारण्यात गेला.

आम्ही सगळे नाखव्यांची प्रतिक्रिया ऐकायला टपलो होतो. त्यांनी मोटर तिरकी करून पाहिली, दोरी अर्धी ओढून सोडली, पंख्यावरून बोट फिरवलं. "उत्तम आहे," म्हणाले. तेवढ्यावर थांबले नाहीत. आता तक्त्यात वजनाच्याही आधी 'उचलणार कोण?' असा रकाना आला आहे. सल्ला मागायला येणाऱ्यांना ते बजावून सांगतात, "मोटर घोड्यांवर निवडू नका, उचलणाऱ्यावर निवडा. फार अभ्यासान्ती माझ्या हे ध्यानात आलंय." वहिनी हे ऐकून घेतात. बेसचा भाग गाळायची नाखव्यांची जुनी खोड त्यांना माहीत आहे.

परवा मी धक्क्यावर होतो. वहिनी मोटरीपाशी बसलेल्या, नाखवा दुसऱ्या बाजूला वही घेऊन.

"गंगेत घोडं न्हालं म्हणायचं एकदाचं!" मी म्हटलं.

"हिचं न्हालं," नाखवा वहीतून मान वर न करता म्हणाले. "ही हिची मोटर. माझी अजून ठरायचीय."

"ठरवा सावकाश," वहिनी म्हणाल्या. "मी तोवर भाजी आणते. उतरा."

नाखवा उतरले. वहिनींनी दोरीला हात घातला.

"हवेचा स्क्रू उघडलास का?"

"तुम्ही विचारायच्या आधी," वहिनी म्हणाल्या, पण ते नाखव्यांना ऐकू गेलं नसावं, कारण मोटर सुरू झाली होती.